उतरलेला चेहरा आणि ओढलेली कातडी

मराठी भाषेने चेहऱ्याला जितकी क्रियापदे बहाल केली आहेत, तितकी शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागाच्या वाट्याला क्वचितच आली असतील. चेहरा खुलतो, फुलतो, पडतो, उतरतो. कुणाची गालफडे बसतात, तर कुणाचे तोंड एवढेसे होते. गंमत अशी की, यांतली बरीच क्रियापदे चेहऱ्याविषयी बोलत असल्यासारखी दिसतात आणि बोलतात मात्र मनाविषयी. परीक्षेचा निकाल पाहून ज्याचा चेहरा पडतो, त्याच्या गालांची कातडी काही सैल झालेली नसते. वय झाल्यावर मात्र चेहरा अगदी शब्दशः खाली उतरतो आणि तो पुन्हा वर चढविण्याची एक शस्त्रक्रिया आहे. तिला फेसलिफ्ट म्हणतात. मान आणि गळा यांवर तशीच शस्त्रक्रिया केली की ती नेकलिफ्ट. बहुधा या दोन्ही एकाच वेळी केल्या जातात.

कला शाखेच्या वार्षिकांकात या विषयाचे काय काम, असा प्रश्न काही प्राध्यापकांना पडेल. काही काळापूर्वीपर्यंत हा विषय नटनट्यांचा समजला जाई आणि आपण तो सिनेमाच्या साप्ताहिकातच वाचत असू. आज तशी स्थिती राहिलेली नाही. खाडीकाठच्या आमच्या कोलशेतचेच उदाहरण घ्या. जेथे रसायनांचे कारखाने होते तेथे उंच इमारती आल्या आहेत आणि इमारतींच्या पाठोपाठ चेहरा ‘दहा वर्षांनी तरुण’ करून देणाऱ्या जाहिरातीही आल्या आहेत. त्या इमारतींत राहणाऱ्यांप्रमाणेच गावातल्या आगरी-कोळी घरांतल्या बायकाही त्या वाचतात. जाहिरातीत चेहरा दिसतो, शस्त्रक्रिया दिसत नाही. ती न दिसणारी बाजू सोप्या भाषेत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुण्याचा कारागीर

ज्या शास्त्राची ही एक शाखा, त्या प्लॅस्टिक सर्जरीचा बादल्या-डबे करावयाच्या प्लॅस्टिकशी संबंध नाही. हा शब्द ग्रीक मुळाचा असून त्याचा अर्थ घडविणे, मातीला आकार देणे असा आहे. या शास्त्राच्या इतिहासातले एक मानाचे पान आपल्या पुण्याचे आहे आणि ते खरोखरच मातीशी नाते सांगणाऱ्या माणसाने लिहिले आहे.

इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये तिचा वृत्तांत कावसजीच्या चित्रासह छापून आला.

त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ ओढली. मग त्या रेषेवरून कपाळाची कातडी सोडवून घेतली, पण पूर्ण तोडली नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टा त्याने जोडलेलाच ठेवला. त्या पट्ट्यावर कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसविली. सांधा धरून ठेवण्यासाठी त्याने पाण्यात भिजविलेल्या काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या वापरल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडविलेली फडकी ठेवली. मधला पट्टा कापला तो सुमारे पंचविसाव्या दिवशी, म्हणजे नव्या जागेतून कातडीला रक्त मिळू लागल्यानंतर.

या अरुंद पट्ट्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. कातडी हे कापड नव्हे. कापड कोठूनही फाडून कोठेही शिवता येते. कातडी जगते ती तिच्यातून वाहणाऱ्या रक्तावर, आणि रक्त येणारी वाट राखली तरच ती नव्या ठिकाणी तग धरते. पुण्याच्या कारागिराला हे पक्के ठाऊक होते. त्याच्या पद्धतीचा अभ्यास करून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. फेसलिफ्टचे यश आणि अपयश आजही बव्हंशी याच एका गोष्टीवर अवलंबून असते, हे पुढे दिसेल.

चेहरा का उतरतो?

चेहऱ्याचे थर वरून खाली असे आहेत: कातडी, तिच्याखाली चरबी, तिच्याखाली चेहऱ्याच्या स्नायूंना जोडणारा एक चिवट पडदा आणि सर्वांत खाली हाडे. मानेत हाच पडदा प्लॅटिझ्मा नावाच्या पातळ, रुंद स्नायूशी एकजीव होतो. तरुणपणी हे थर ठिकठिकाणी घट्ट दोरांनी बांधल्यासारखे हाडांना धरून असतात. वय वाढते तशी कातडीतली लवचिकता घटते, काही ठिकाणची चरबी झडते, बाकीची खाली घसरते, आणि दात गेले की जबड्याचे हाडही झिजते. मग गालांचा मांसल भाग जबड्याच्या कडेवर येऊन लोंबतो, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत घळ पडते, हनुवटीखाली पिशवी होते व गळ्यावर प्लॅटिझ्माच्या दोन उभ्या दोऱ्या दिसू लागतात. उन्हाने हे सारे लवकर होते. उन्हातान्हात मासळीची पाटी घेऊन हिंडलेल्या बाईचा आणि सावलीत बसून काम केलेल्या बाईचा चेहरा एकाच वयात वेगळा दिसतो, तो यामुळेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात जेव्हा ही शस्त्रक्रिया सुरू झाली, तेव्हा डॉक्टर कानाजवळची थोडी कातडी कापून टाकीत आणि कडा जवळ आणून शिवीत. पॅरिसमध्ये सुझान नोएल या स्त्री-शल्यविशारदाने हे काम नावारूपाला आणले आणि १९२६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. परंतु केवळ कातडी ओढून केलेले काम फार काळ टिकत नसे. गादीतला कापूस एका बाजूला घसरला असता नुसती खोळ ताणून काय होणार? खोळ तेवढी ताठ दिसते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सैल पडते. शिवाय सगळा ताण टाक्यांवर आल्यामुळे व्रण रुंद होत आणि चेहरा वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसे.

स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये खालच्या थरासकट चेहरा उचलण्याची रीत मांडली. पुढे १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी तो चिवट पडदा शरीररचनेच्या दृष्टीने नीट वर्णन करून दाखविला. डॉक्टर मंडळी त्याला ‘स्मास’ म्हणतात. तेव्हापासून फेसलिफ्ट म्हणजे मुख्यतः या पडद्याचे काम झाले. आधी आतला कापूस जागेवर आणायचा, मग खोळ सैलसर बसवायची.

टेबलावर काय होते?

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, किंवा जागा बधिर करून सोबत गुंगीचे औषध देऊन करतात. मान आणि चेहरा दोन्ही असतील तर तीन ते पाच तास लागू शकतात. छेद कानशिलाजवळच्या केसांतून सुरू होतो, कानाच्या पुढच्या घडीतून खाली उतरतो, पाळीला वळसा घालून कानामागे जातो आणि तेथून मानेच्या केसांत लपतो. या छेदातून डॉक्टर गालाची व मानेची कातडी खालच्या थरांपासून सोडवितात. मग स्मासचा पडदा वर आणि मागे घेऊन टाक्यांनी बांधतात. गळ्यावरच्या दोऱ्यांसाठी हनुवटीखाली एक लहान छेद घेऊन प्लॅटिझ्माच्या दोन कडा मधोमध शिवतात, जादा चरबी असेल तर काढतात. शेवटी कातडी न ताणता परत पसरतात आणि जी उरेल ती कापून कडा शिवतात.

आता पुण्याच्या त्या अरुंद पट्ट्याची आठवण करावी. गालावरून सोडविलेली ही कातडी तेवढा वेळ कशावर जगते? तर चेहऱ्याच्या मधल्या बाजूने, जेथे ती अजून जोडलेली आहे तेथून येणाऱ्या रक्तावर. तिची सर्वांत दूरची कड कानामागे असते. रक्ताची धार त्या कडेपर्यंत पोचता पोचता आधीच क्षीण झालेली असते. म्हणून काही बिघडायचे असेल तर बहुधा कानामागेच बिघडते.

नंतरचे दिवस

शस्त्रक्रियेनंतर डोक्याला आणि हनुवटीखाली पट्टी असते. साचणारे रक्त व पाणी बाहेर यावे म्हणून कधी कधी बारीक नळ्याही ठेवतात. त्या एक-दोन दिवसांत काढतात. पहिल्या दिवशी आरसा मागू नये असे म्हणतात, ते खरे आहे. सूज आणि काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. वेदना फारशी नसते, परंतु चेहरा आवळल्यासारखा, जड आणि परका वाटतो. उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे लागते. टाके साधारण पाच ते दहा दिवसांत काढतात. दोन ते तीन आठवड्यांत माणूस चारचौघांत जाण्याजोगा होतो. जड उचलणे आणि धावपळ मात्र महिना-दीड महिना वर्ज्य. गाल व कानाची पाळी यांना आलेला बधिरपणा काही आठवडे, क्वचित काही महिने राहतो. व्रण आधी लाल असतो व पूर्ण निवळायला वर्षभर लागू शकते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत व्रण काळसर होण्याची किंवा फुगून वर येण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा अधिक असते. ज्याच्या अंगावर पूर्वी अशी गाठाळ खूण राहिली आहे, त्याने ती डॉक्टरांना आधीच दाखवावी.

फेसलिफ्टने काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिने कपाळ व पापण्या बदलत नाहीत, ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या जात नाहीत, उन्हाचे डाग उजळत नाहीत. त्यांना उपाय निराळे आहेत. वय थांबत तर नाहीच. घड्याळाचे काटे मागे फिरविता येतात, घड्याळ चालूच राहते. परिणाम साधारणपणे काही वर्षे, पुष्कळदा दहा वर्षांच्या आसपास, जाणवत राहतो. ज्यांना शस्त्रक्रिया नको असते ते इंजेक्शनांकडे वळतात. त्यांचा परिणाम महिन्यांत मोजायचा असतो आणि खूप सैल झालेल्या गळ्याला त्यांचा फारसा उपयोग नसतो.

धोके, आणि मिश्रीचा डबा

सर्वांत नेहमी आढळणारा धोका म्हणजे कातडीखाली रक्त साचणे. ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होते. एका गालाला अचानक फुगवटा आणि ठणका आला तर ताबडतोब पुन्हा टेबलावर घेऊन ते काढावे लागते. पुरुषांत आणि रक्तदाब वाढलेल्यांत हे अधिक घडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणी घेत असेल तर त्या कधी व किती दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. दुसरा धोका मज्जातंतूंचा. कानाच्या पाळीला संवेदना देणारा तंतू दुखावला तर पाळी बधिर राहते. चेहऱ्याचे स्नायू हलविणारा तंतू दुखावला तर ओठ वाकडा होतो किंवा भुवई उचलत नाही. हे बहुधा तात्पुरते असते, क्वचित कायमचे. तिसरा धोका कातडीची कड मरण्याचा, आणि येथे तंबाखूचा संबंध येतो.

तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते. आधीच क्षीण झालेली रक्ताची धार मग कानामागच्या कडेपर्यंत पोचतच नाही. ती कड काळी पडते, गळते आणि तेथे रुंद व्रण उरतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर निदान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवी. पुस्तकांत याविषयी ‘धूम्रपान’ असा शब्द असतो. तो वाचून आमच्याकडच्या बायका निश्चिंत होतात, कारण त्यांच्यातल्या फारच थोड्या विडी ओढतात. परंतु सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते आणि तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते.

हे लिहावेसे वाटले ते माझ्या आत्यामुळे. तिने साठी ओलांडली आहे. चाळीस वर्षे मासळी विकली आणि चाळीस वर्षे मिश्री लावली. गेल्या वर्षी ती एका खाजगी दवाखान्यात जाऊन आली. तेथे तिला दिवस आणि रक्कम सांगण्यात आली, मिश्रीचे मात्र कोणी विचारले नाही. घरी येऊन तिने मला हुकूम केला, “तुझ्या पुस्तकान काय लिवलंय, त मना सांग.” मी वाचत गेले आणि सांगत गेले. तिचे कारणही मला तेव्हाच कळले. तरुण दिसण्याची तिला हौस नव्हती. गालफडे उतरल्यापासून जो भेटेल तो तिला विचारी, “बरं नाय का गं तुला?” रोज दहा वेळा आजारी ठरविले जाण्याचा तिला कंटाळा आला होता. पुढे आम्ही एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्लॅस्टिक सर्जरी विभागात गेलो. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात देऊन दोन बोटांनी गाल हलकेच वर सरकवून दाखविला, “एवढेच होईल, याहून जास्त नाही,” असे सांगितले, आणि मग दोन गोष्टी विचारल्या: मिश्री लावता का, आणि रक्तदाब कधी तपासला आहे का. रक्तदाब वाढलेला निघाला. त्याच्या गोळ्या आता सुरू आहेत. मिश्री सुटल्यावरच पुढचे बोलणे होणार आहे. एका अर्थी या शस्त्रक्रियेने, ती होण्यापूर्वीच, आत्याचा एक मोठा आजार उघडकीला आणला.

म्हणून कोणाला डॉक्टरांकडे जायचेच असेल, तर हे प्रश्न अवश्य विचारावेत. तुमची पदवी प्लॅस्टिक सर्जरीची आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तिची नोंद आहे का? भूल देणारे डॉक्टर कोण? रात्री रक्त साचले तर कोण येणार आणि कोठे नेणार? सरळ उत्तर न देणाऱ्याकडून सरळ परत यावे. खर्चाचे म्हणाल तर, आरोग्य विमा सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट वेगळी.

हौस की गरज?

विम्याने आखलेली ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. या शास्त्राची आपल्याकडची उभारणीच पाहावी. १९५० च्या दशकात नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हे काम वाढविले. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी जाड होऊन फुगते. औषधाने रोग बरा झाला की ती फूग ओसरते आणि ताणलेली कातडी मागे लोंबत राहते. तिशीतला माणूस साठीचा दिसू लागतो. भुवया झडलेल्या, नाक बसलेले. शरीरातला रोग गेलेला असतो, पण गाव चेहरा पाहून अजून दार लावून घेते. अशा माणसाच्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेत सैल कातडी ओढून बसविणे, म्हणजे फेसलिफ्टच, हाही एक भाग असतो. छेद तोच, पडदा तोच, टाकेही तेच. त्याला हौस कोण म्हणेल?

हीच शस्त्रक्रिया एका बाजूला माणसाला गावात परत आणते आणि दुसऱ्या बाजूला एखाद्याला आरशासमोर अधिकच बांधून ठेवते. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या ‘ययाति’ने आपल्याला शिकविले की उसने तारुण्य माणसाची तहान भागवीत नाही. ते खरेच आहे. पण म्हणून फेसलिफ्ट करणाऱ्या प्रत्येकाला ययातीच्या पंक्तीला बसविणे हा अन्याय होईल. कुणाला तारुण्य हवे असते. कुणाला एवढेच हवे असते की, आपल्याला पाहून लोकांनी आपली कीव करू नये.

ओढता येते ती कातडी, आणि बांधता येतो तो तिच्याखालचा पडदा. वयाने उतरलेला चेहरा शस्त्राने काही वर्षांपुरता वर चढतो. दुःखाने उतरलेला चेहरा चढत नाही. आपला चेहरा या दोहोंपैकी कशाने उतरला आहे, हे टेबलावर जाण्यापूर्वी ज्याचे त्याने ओळखावे. त्याचे उत्तर आरशात मिळत नाही आणि जाहिरातीत तर नाहीच नाही. पुण्याच्या त्या अनाम कारागिराने कपाळाची कातडी फिरविताना रक्ताची वाट राखून ठेवली होती. आपण आपला चेहरा बदलायला निघालो, तर तेवढी सावधगिरी आपणही बाळगावी.